एमआरआय सेंटर: माणसं चांगली, पण तारीख मिळता मिळत नाही

आईच्या गुडघ्याचा एमआरआय इथे केला. टेक्निशियन मुलगी फार प्रेमळ, आईला इंग्रजी जमत नाही तर खुणा करून समजावलं, अंगावर गरम चादर घातली. स्टाफला पैकीच्या पैकी मार्क. पण तारीख मिळायला साडेतीन आठवडे, तोवर आई जिना बसून बसून उतरत होती, आणि बिल बघून तर धडकीच भरली. दुसरीकडे जावं तर जवळपास सेंटरच नाही. कारण अमेरिकेत बऱ्याच राज्यांत अजून सर्टिफिकेट ऑफ नीड लागतं, म्हणजे नवीन हॉस्पिटल काढायचं, काही ठिकाणी तर मशीन घ्यायचं तरी आधी सरकारला गरज पटवून द्या, त्यात जुनी हॉस्पिटलं हरकत घेऊ शकतात, मग दर कोण कशाला कमी करेल? न्यूयॉर्कने १९६४ला सुरू केलं, १९७४ला केंद्राने खर्च आटोक्यात राहील म्हणून सगळ्या राज्यांवर रेटलं, पुढे केंद्राने स्वतःच तो कायदा गुंडाळला पण बऱ्याच राज्यांनी आपापला धरून ठेवलाय. खेड्यातली छोटी हॉस्पिटलं बुडतील ही भीती मला कळते, पण त्यासाठी पेशंटला ताटकळत ठेवणं पटत नाही. साउथ कॅरोलिनाने २०२३ला बहुतेक अटी काढल्या, आमच्याकडेही निदान एमआरआयची तरी काढा. रिपोर्ट मात्र दुसऱ्याच दिवशी आला.