एन+१ की झाड? प्रोटॉन एनएमआरचं स्प्लिटिंग सांगताना

रेणूची रचना समोर आहे, त्याच्या प्रोटॉन एनएमआर स्पेक्ट्रममधल्या (हायड्रोजनच्या केंद्रकांचे संकेत दाखवणाऱ्या आलेखातल्या) प्रत्येक पीकचं, म्हणजे संकेताचं, स्प्लिटिंग (तो किती रेघांत दुभंगतो ते) लिहायचंय आणि घड्याळ पळतंय. एम.एस्सी.च्या मुलांपुढे तेव्हा दोन रस्ते असतात: शेजारचे प्रोटॉन मोजून त्यात एक मिळवायचा आणि तितक्या रेघा लिहायच्या (हाच एन+१ चा नियम), नाहीतर कागदावर स्प्लिटिंगचं झाड काढायचं. माझं मत आधीच सांगतो. सुरुवात एन+१ नेच करा, पण शेजारी मोजण्याआधी त्यांच्या जे-व्हॅल्यू (त्या शेजाऱ्यामुळे दुभंगलेल्या रेघांमधलं हर्ट्झमधलं अंतर) सारख्या आहेत का ते बघा. मोजण्यात सहसा कुणी चुकत नाही, हे बघायचं राहून जातं.

साध्या साखळीत एन+१ ला तोड नाही. इथाइल ॲसिटेट घ्या. ऑक्सिजनजवळच्या सीएच२ ला तीन शेजारी, म्हणून ४.१ पीपीएमला (पीपीएम म्हणजे स्पेक्ट्रमच्या पट्टीवरची जागा) १:३:३:१ उंचीच्या चार रेघांचा क्वार्टेट. त्याच्या मिथाइलला दोन, म्हणून १.२५ जवळ तीन रेघांचा ट्रिप्लेट, २.०४ चा ॲसिटाइल मिथाइल एकटा, एका रेघेचा सिंगलेट. दहा सेकंदांचं काम. १-नायट्रोप्रोपेनच्या मधल्या सीएच२ ला दोन्हीकडचे मिळून पाच शेजारी, तरी सेक्स्टेट (सहा रेघा) हे उत्तर चालतं, कारण मोकळ्या फिरणाऱ्या साखळीत दोन्ही जे ७ हर्ट्झच्या आसपासच असतात.

प्रोपेनॅलमध्ये मात्र गाडी अडते. मधल्या सीएच२ ला एकीकडे मिथाइलचे तीन, दुसरीकडे अल्डिहाइडचा एक. चार शेजारी, म्हणून क्विंटेट (पाच रेघा), असं लिहून मुलं मोकळी होतात. पण मिथाइलशी जे ७ हर्ट्झ आणि अल्डिहाइडच्या प्रोटॉनशी जेमतेम १.५. प्रत्यक्षात क्वार्टेट दिसतो आणि त्याची प्रत्येक रेघ पुन्हा दुभंगलेली असते.

अशा ठिकाणी झाड काढा. आलेख कागद घ्या, एक चौकोन म्हणजे २ हर्ट्झ धरा. व्हिनाइल ॲसिटेटमध्ये ऑक्सिजनच्या कार्बनवरचा प्रोटॉन ७.३ जवळ येतो; ट्रान्स (दुहेरी बंधाच्या विरुद्ध बाजूच्या) शेजाऱ्याशी त्याचा जे १४, सिस (त्याच बाजूच्या) शेजाऱ्याशी ६. आधी मोठा जे: एका रेघेच्या दोन रेघा, सात चौकोनांच्या अंतरावर. मग त्या प्रत्येकीच्या दोन, तीन चौकोनांच्या अंतरावर. खाली चार रेघा मिळतात, ०, ३, ७ आणि १० व्या चौकोनावर, जवळपास सारख्याच उंचीच्या. हा डब्लेट ऑफ डब्लेट. शेजारी दोन म्हणून एन+१ इथे ट्रिप्लेट सांगतो, तो साफ चुकतो. आता गंमत म्हणून दोन्ही जे सारखे धरून तेच झाड पुन्हा काढा. मधल्या दोन रेघा एकमेकींवर बसतात आणि १:२:१ चा ट्रिप्लेट हातात येतो. एन+१ हा याच झाडाचा झटपट हिशेब आहे, एवढं कळलं की तो कुठे लावायचा नाही हेही कळतं.

झाडाची अडचण एकच: जे पाठ हवेत. ट्रान्स १२ ते १८, सिस ६ ते १२, एकाच व्हिनाइल कार्बनवरच्या दोघांत ० ते ३, बेंझिन कड्यात ऑर्थो (लगतच्या कार्बनवरचे) ७ ते ९, मेटा (एक कार्बन सोडून) २ ते ३. सायक्लोहेक्झेनमध्ये दोन्ही अक्षीय (कड्याच्या वर-खाली उभे) असतील तर १० च्या पुढेमागे, एरवी २ ते ५. कायरल कार्बनशेजारचा (चार वेगवेगळे गट असलेल्या कार्बनशेजारचा) सीएच२ असेल तर त्याचे दोन प्रोटॉन वेगळे धरूनच झाड काढा.

एकमेकांना दुभंगणाऱ्या दोन पीकमधलं अंतर हर्ट्झमध्ये जे च्या जवळपास आलं की दोन्ही रस्ते बंद. ०.१ पीपीएम म्हणजे ४०० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर ४० हर्ट्झ, जुन्या ६० मेगाहर्ट्झच्या यंत्रावर फक्त ६. तिथे रेघा एकमेकींकडे झुकतात, जास्तीच्याही उगवतात. ते काम सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरचं. परीक्षेत ते कुठून आणणार?

सॉल्व्हंटकडेही (नमुना ज्यात विरघळवतात त्या द्रवाकडेही) नजर असू द्या. उदाहरण इथेनॉलचं. १९५१ मध्ये स्टॅनफर्डला अर्नोल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी घेतलेल्या इथेनॉलच्या स्पेक्ट्रममध्ये १:२:३ असे तीन उंचवटेच होते, स्प्लिटिंग नव्हतंच.  आज सीडीसीएल३ (ड्युटेरियमयुक्त क्लोरोफॉर्म) या सॉल्व्हंटमध्ये आम्लाचा अंश असला की इथेनॉलच्या ओएचचा सिंगलेट येतो आणि सीएच२ चा क्वार्टेटच राहतो. डीएमएसओ या दुसऱ्या सॉल्व्हंटमध्ये, तो कोरडा असेल तर, मात्र ओएच सुद्धा शेजारी म्हणून मोजावा लागतो: त्याचा स्वतःचा ट्रिप्लेट होतो आणि सीएच२ ला ७ आणि ५ हर्ट्झचे दोन जे लागून आठ रेघा पडतात. एन+१ वाला इथेही क्विंटेटच लिहील.