क्यूबिटटॉरेंट: स्पीड अडतो तो भलत्याच ठिकाणी

"मामा, कनेक्शन २००० करून टाक. आणि अपलोडला शून्य घाल, उगाच लोकांना वाटत कशाला बसायचं?" टॉरेंटच्या प्रोग्रॅमबद्दल भाच्याने सांगितलं आणि मी केलं. अर्ध्या तासात डाउनलोड निम्म्यावर आला, बायकोचा व्हिडिओ कॉल अडखळायला लागला आणि शेवटी राऊटरने मान टाकली. भाचा तोवर जेवायला निघून गेला होता.

मी एका संगणक प्रयोगशाळेची देखभाल करतो. नव्या मशीनवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणारी लिनक्स प्रणाली) टाकायचं, तर ५-६ जीबीची फाइल लागते. शिवाय ११ जुनी ३२-बिट मशीन आहेत. त्यांना चालणारी जुनी लिनक्स आवृत्ती आता जवळपास कुणी ठेवत नाही, ती टॉरेंटवरच मिळते, म्हणजे एका सर्व्हरवरून नव्हे, तर ती फाइल असलेल्या लोकांकडून तुकड्या-तुकड्यांनी. त्यामुळे टॉरेंट हे माझं रोजचं अवजार आहे. आधी जो प्रोग्रॅम होता तो जाहिराती दाखवायचा. तो काढून वर्षभरापूर्वी क्यूबिटटॉरेंट घेतला. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, जाहिरात एकही नाही, विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर सारखाच दिसतो. इथवरचं कौतुक सगळेच करतात. मला लिहायचंय ते त्याच्या सेटिंग्जबद्दल, कारण स्पीडसाठी नेटवर मिळणारे सल्ले मी एकेक करून तपासले आणि त्यातले बहुतेक निकामी निघाले.

आधी त्या शून्याचं. क्यूबिटटॉरेंटमध्ये अपलोड मर्यादेच्या खान्यात ० लिहिलं की तिथे ∞ उमटतं. शून्य म्हणजे 'बंद' नव्हे, 'मर्यादाच नाही'. आम्ही दोघांनी चिन्ह पाहिलं आणि पुढे गेलो. म्हणजे अपलोड बंद करायला गेलो आणि नळ पूर्ण उघडून आलो. पण त्याने डाउनलोड का पडावा? माझ्याकडे १०० एमबीपीएस खाली आणि १० वर अशी लाइन आहे. टीसीपीने, म्हणजे नेटवर माल पोचवण्याच्या नेहमीच्या पद्धतीने, जे काही आपल्याकडे येतं त्याची पोचपावती आपल्याला परत पाठवावी लागते, आणि ती जाते वरच्या दिशेनेच. अपलोडने तो अरुंद रस्ता भरून टाकला की पोचपावत्या मोडेमच्या रांगेत ताटकळतात. पलीकडच्याला वाटतं माल पोचलाच नाही, तो पाठवण्याचा वेग कमी करतो. व्हिडिओ कॉलही त्याच रांगेत उभा होता.

म्हणून पहिला आकडा अपलोडचा, आणि तो मोजून घालायचा. स्पीड टेस्ट केबल लावून घ्या, वायफायवर नको. तिथे जे मेगाबिट दिसतात त्यांना ८ ने भागलं की मेगाबाइट मिळतात. १० मेगाबिट म्हणजे सव्वा मेगाबाइट, आणि क्यूबिटटॉरेंट ज्या केआयबीमध्ये (१०२४ बाइटचा एक) मोजतो त्यात साधारण १२२०. त्याचे ८० टक्के, म्हणजे ९७५ च्या आसपास. मी ९५० ठेवलं आणि एक प्रयोग सोडला तर वर्षभर त्याला हात लावला नाही. स्पीडच्याच पानावर यूटीपीलाही (टॉरेंटची टीसीपीखेरीजची दुसरी वाहतूक पद्धत) मर्यादा लागू करा अशी एक चौकट आहे, तिच्यावर खूण असू द्या. नसेल तर ९५० हा आकडा नुसता शोभेचा.

मग मला खुमखुमी आली, की अपलोड अगदी कमी केला तर? ५ केआयबीवर आणून पाहिला. नव्या उबुंटूच्या टॉरेंटवर ढिम्म फरक पडला नाही, कारण तिथे शेकडो सीडर, म्हणजे पूर्ण फाइल वाटणारे, असतात आणि सीडरला तुमच्याकडून काही नको असतं, त्याच्याकडे सगळं आहेच. पण जिथे सीडर थोडे आणि अर्धवट फाइलवाले जास्त, तिथे गाडी रुतली. ब्रॅम कोहेनने २००१ मध्ये बिटटॉरेंट बांधला तो देवघेवीच्या हिशेबावर. प्रत्येक पिअर (त्या टॉरेंटवर जोडलेला भिडू) दर १० सेकंदांनी पाहतो की आपल्याला कोण चांगलं देतंय, आणि त्यांनाच देत राहतो. साधारण दर ३० सेकंदांनी एखाद्या अनोळख्याला नशीब म्हणून संधी मिळते. तुम्ही ५ केआयबीने देत असाल तर त्या संधीवरच जगायचं. भाच्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आहेराची वही." अगदी तेच.

हे सगळं मला कळलं ते क्यूबिटटॉरेंटच्या एका कोपऱ्यामुळे. माझ्या मते याच कोपऱ्यासाठी हा प्रोग्रॅम घ्यावा. टॉरेंटवर क्लिक करून खाली पिअर्सचा टॅब उघडा. प्रत्येक पिअरपुढे इंग्रजी अक्षरं असतात. मोठा 'डी' म्हणजे त्याच्याकडून माल येतोय. छोटा 'डी' म्हणजे आपल्याला हवंय, पण तो देत नाहीये. 'एच' म्हणजे तो डीएचटीतून (पिअरांनीच मिळून सांभाळलेल्या पत्त्यांच्या यादीतून) सापडला, 'एक्स' म्हणजे दुसऱ्या पिअरने त्याचा पत्ता दिला, 'पी' म्हणजे यूटीपीवर आहे. आणि 'आय' म्हणजे कनेक्शन त्याने आपल्याकडे केलं, आपण त्याच्याकडे नव्हे. अपलोड ५ वर असताना तो टॅब छोट्या 'डीं'नी भरला होता. इतर प्रोग्रॅममध्ये स्पीड पडला की माणूस अंदाज करत बसतो, इथे कारण अक्षरात वाचता येतं. अक्षरांवर माऊस नेला की अर्थही दिसतो.

महिनाभर माझ्या टॅबमध्ये 'आय' एकदाही दिसला नव्हता. खालच्या पट्टीतलं कनेक्शनचं चिन्हही हिरवं होत नव्हतं. उबुंटू मात्र सुसाट उतरत होतं, म्हणून मी दुर्लक्ष केलं. अडलं ते जुन्या ३२-बिट लिनक्सच्या डिस्कवर. एका सीडीत मावणारी, ७०० एमबीची फाइल. यादीत ४ सीडर, प्रत्यक्ष जोडलेला १, आणि स्पीड ४० केआयबी. पाच तासांचा मामला.

बाकीचे तीन का जुळत नव्हते? माझा पोर्ट, म्हणजे कनेक्शन आत येण्याचं क्रमांक असलेलं दार, बाहेरून बंद होता आणि बहुधा त्यांचाही. दोन घरांची दारं आतून लावलेली असली तर दोघं एकमेकांकडे जाणार कसे? दोघांपैकी एकाचं तरी दार उघडं हवं. गर्दीच्या टॉरेंटवर हे जाणवत नाही, तिथे उघडी दारं पुष्कळ असतात. चार जणांच्या टॉरेंटवर सगळा खेळ त्यावरच असतो. 'पोर्ट उघडल्याने काही फरक पडत नाही' असं सांगणारे आणि 'पोर्ट उघडा, स्पीड दहापट होईल' असं सांगणारे, दोघंही खरंच बोलत असतात. टॉरेंट वेगवेगळी असतात, एवढंच.

दुसरा आकडा म्हणून पोर्टचा. पूर्वापार चालत आलेले ६८८१ ते ६८८९ टाळा, ते अडवणारी नेटवर्कं असतात. ४९१५२ ते ६५५३५ मधला कुठलाही घ्या आणि तोच कायम ठेवा. यूपीएनपीच्या चौकटीवर खूण केली आणि राऊटरमध्येही ते चालू असलं तर राऊटर स्वतःच दार उघडतो. नाहीतर राऊटरच्या पानावर जाऊन तोच आकडा आपल्या मशीनकडे वळवायचा, आणि मशीनच्या फायरवॉलमध्ये क्यूबिटटॉरेंटला परवानगी द्यायची. मी हे तिन्ही केलं. चिन्ह तसंच.

इथे माझे दोन रविवार गेले. शेवटी राऊटरच्या पानावर बाहेरचा आयपी पत्ता पाहिला तर तो १०० ने सुरू होत होता आणि पुढचा आकडा ७० च्या घरात होता. १००.६४ ते १००.१२७ हा पट्टा २०१२ मध्ये खास सेवा देणाऱ्या कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवला गेला. म्हणजे माझ्या राऊटरच्या वर कंपनीचा आणखी एक मोठा राऊटर होता आणि अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसले होते. मी माझं दार कितीही उघडलं तरी इमारतीचं फाटक बंदच. ग्राहक सेवेतल्या बाईंनी तीनदा मोडेम बंद-चालू करायला लावला आणि मग असं काही आमच्याकडे नसतं म्हणून सांगितलं. कंपनीचं नाव घेत नाही, लाइन अजून त्यांचीच आहे.

वाट सापडली आयपीव्ही६ ची, म्हणजे इंटरनेट पत्त्यांच्या नव्या पद्धतीची. ते राऊटरमध्ये नुसतं बंद ठेवलेलं होतं. आयपीव्ही६ मध्ये प्रत्येक मशीनला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळू शकतो, फाटकाचा प्रश्न राहत नाही. ते चालू केलं, राऊटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये तो एक पोर्ट मोकळा केला, आणि पंधरा मिनिटांत पहिला 'आय' आला. जुनी डिस्क ४० वरून ९०० केआयबीवर गेली, तीन सीडर जोडले गेले आणि उरलेली फाइल चहा होईस्तोवर उतरली. मर्यादा एकच, की ज्यांच्याकडे आयपीव्ही६ आहे तेच मला असं गाठू शकतात. ज्यांच्या कंपन्या मागितल्यावर स्वतंत्र सार्वजनिक पत्ता देतात त्यांनी तो घ्यावा, हा वळसा नको.

आता भाच्याच्या २००० कडे येतो. क्यूबिटटॉरेंटमध्ये मुळात एकूण ५०० आणि एका टॉरेंटला १०० कनेक्शन अशी मर्यादा असते. रोज रात्री त्याच वेळी तेच टॉरेंट लावून मी १००, ५०० आणि २००० घालून पाहिलं. स्पीडमध्ये वहीत लिहिण्यासारखा फरक नाही. पिअर्सच्या टॅबमध्ये पाहा ना, खरा माल वीस-तीस जणांकडून येतो, बाकीचे नुसते पाहुणे. घरगुती राऊटरला मात्र प्रत्येक कनेक्शनची नोंद लक्षात ठेवावी लागते आणि ती वही लहान असते. ती भरली की तो मान टाकतो. राऊटर जुना असेल तर ५०० चे २०० करा, काही बिघडत नाही.

कनेक्शन वाढवण्याचं हे वेड बहुधा जुन्या काळातून आलंय. २००४ मध्ये विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ने अर्धवट उघडलेल्या कनेक्शनवर १० ची मर्यादा घातली होती, आणि लोक सिस्टिमची फाइल बदलून ती काढायचे. मीही काढली होती, आणि फार मोठी कामगिरी केल्यासारखा मिरवलो होतो. ती मर्यादा कधीच गेली, तरी 'फाइल पॅच करा' हा सल्ला अजून फिरतोय. कुणी दिला तर नम्रपणे नको म्हणा.

यूटीपी बंद करून फक्त टीसीपी ठेवा, हाही एक आवडता सल्ला. यूटीपी स्वभावाने भिडस्त आहे. रांगेतला उशीर साधारण १०० मिलिसेकंदांच्या पुढे जायला लागला की तो स्वतःहून मागे सरतो, घरातल्या बाकीच्यांना वाट देतो. म्हणून लोकांना तो मंद वाटतो. मी बंद केला तेव्हा उबुंटूवर फरक शून्य, आणि जुन्या डिस्कवर होते तेही दोन पिअर गेले. दोन बंद दारांना तिसऱ्या पिअरच्या मध्यस्थीने जोडण्याची जी युक्ती आहे ती यूटीपीवरच चालते. तेव्हा दोन्ही चालू ठेवा, मुळात तसंच असतं.

एन्क्रिप्शनबद्दल थोडक्यात. 'परवानगी द्या' वर राहू दे. 'सक्तीचं' केलं तर स्पीड वाढत नाही, पिअर कमी होतात. तुमची कंपनी टॉरेंट ओळखून दाबत असेल तरच एकदा करून पाहा. क्रमाने डाउनलोड करण्याचा पर्याय मोहक आहे, पण टॉरेंटची पद्धत दुर्मिळ तुकडा आधी घेण्याची असते, ती त्याने मोडते. डीएचटी आणि पिअरची देवाणघेवाण चालू असू द्या.

कुरकुर करायचीच तर सेटिंग्जच्या 'प्रगत' पानाबद्दल करीन. शेवाळलेल्या विहिरीसारखं आहे ते, आत वाकून पाहिलं की पाय घसरतोच. डझनावारी नोंदी, आणि हाताशी स्पष्टीकरण फारसं नाही. माझ्या वर्षभराच्या स्पीडमधला एकही केआयबी त्या पानावरून आलेला नाही. ज्यांना हात शिवशिवण्याची खोड आहे त्यांनी ट्रान्समिशन हा दुसरा टॉरेंट प्रोग्रॅम वापरावा, तिथे बिघडवायला फारसं काही ठेवलेलंच नाही. फक्त ती अक्षरं वाचायची सवय झाल्यावर मला तो पोकळ वाटला. शिवाय क्यूबिटटॉरेंटच्या खालच्या पट्टीत स्पीडोमीटरचं बटण आहे. एका क्लिकवर दुसऱ्या, कमी मर्यादा लागू होतात आणि वेळापत्रकही लावता येतं. संध्याकाळी सात ते अकरा माझ्याकडे अपलोड ३०० वर असतो. व्हिडिओ कॉलबद्दलची तक्रार त्यानंतर आलेली नाही.

जुनी डिस्क मी अजून सीडिंगवर ठेवली आहे, रेशो (घेतलं त्याच्या किती पट दिलं) १४ च्या पुढे गेलाय. आत्ता हे लिहिताना तिच्यावर दोन जण आलेत. दोघांचे पत्ते लांबलचक आयपीव्ही६ चे, आणि दोघांपुढेही 'आय' आहे.