फायनल इयर आणि एआय चॅटबॉट: आठ महिन्यांनंतर

मी एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, सरकारी कॉलेजात. रूममेटच्या नादाने एक एआय चॅटबॉट अभ्यासाला घेतला, त्याला आठ महिने झाले. नाव सांगत नाही. मधे आणखी दोन वापरून पाहिले, तेही त्याच माळेचे मणी.

आधी चांगलं. रात्री दीड वाजता एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी) समजावून सांगायला कोणी सीनियर जागा नसतो, आणि असला तरी तिसऱ्यांदा विचारायची लाज वाटते. इथे शंभरदा विचारा. पुस्तकातून दोन वर्षं डोक्यात न शिरलेला वेंकेबाख (ईसीजीवर दिसणारा हृदयाच्या ठोक्यांचा एक बिघाड: पीआर हे अंतर लांबत लांबत जातं आणि मग एक क्यूआरएस, म्हणजे ठोका, गळतो) एका संध्याकाळी कळला. तेवढ्यासाठी पैसे वसूल.

मग आली टीबी. तिची ट्रीटमेंट मी त्याच्याकडूनच पाठ केली होती: दोन महिने एचआरझेडई (आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल या चार औषधांची अक्षरं), पुढे चार महिने एचआर. प्रिलिम्सच्या व्हायवाला (तोंडी परीक्षेला) घडाघडा म्हटलं. सर म्हणाले, "आणि ई कुठे गेला?" आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पुढचे चार महिनेही इथॅम्ब्युटॉल चालू ठेवतात, एचआरई. बाहेरच्या पुस्तकांत तो बहुधा दोन महिन्यांनी थांबतो. म्हणजे उत्तर चूक नव्हतं, परगावचं होतं. हॉस्टेलवर येऊन चॅटबॉटला सुनावलं, तर लगेच माफी: तुमचं बरोबर आहे. मला राग आला. मुद्दाम चुकीचं म्हटलं, आता पायराझिनामाइडही सहा महिने द्यायचं असतं ना? तरी तेच, तुमचं बरोबर आहे! त्या दिवसापासून डोस आणि राष्ट्रीय कार्यक्रम फक्त पुस्तकातून.

हिस्ट्री घ्यायचा सराव म्हणून त्याला पेशंटही व्हायला लावलं, मराठीत. पेशंट म्हणे, "तीन दिवसांपासून छातीच्या मध्यभागी वेदना होत असून ती डाव्या हातात पसरते." असं बोलणारा पेशंट आमच्या वॉर्डात आजवर आलेला नाही. आमच्याकडच्या मावशी म्हणतात, "दुखत नाही गं, नुसतं भरून येतं." कधीपासून? "पोळ्याच्या आधीपासून." बीपी आहे का? "नाही बाई." दहा मिनिटांनी उशाखालच्या पिशवीतून अॅम्लोडिपिनची पट्टी निघते. "ही? ही तर रोजचीच आहे. गोळी चालू आहे म्हणून आता बीपी नाही." हे सगळं त्याला शिकवायचा प्रयत्न केला. दोन प्रश्न नीट लपवाछपवी केली, तिसऱ्याला सगळं कबूल.

केस पेपरचे फोटो टाकून डायग्नोसिस विचारणारे आमच्या बॅचमध्ये आहेत. नाव, वय, गाव सगळं फोटोत दिसत असतं. मी एकदाच टाकला, नाव झाकून, आणि तरी नीट झोप लागली नाही.

मेसमध्ये वाद एकच: रेडिओलॉजी घ्यावी का? २०१६ साली एआयमधले नामांकित शास्त्रज्ञ जेफ्री हिंटन म्हणाले होते की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवा, पाच वर्षांत मशीन पुढे जाईल. पाच वर्षं केव्हाच उलटली. आमचा टॉपर अजूनही रेडिओलॉजीच्याच सीटवर डोळा ठेवून आहे. मशीनला नावं ठेवायची म्हणून नाही सांगत. टीबीच्या तपासणीत छातीचा एक्स-रे सॉफ्टवेअरकडून वाचून घ्यायला जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्येच हिरवा कंदील दिला, पंधरा वर्षं आणि वरच्यांसाठी. जिथे एक्स-रे वाचायला माणूसच नाही तिथे हे मोठं काम आहे. पण ते नुसतं संशयित कोण ते दाखवतं. थुंकी तपासायची राहतेच. अशी एकाच कामाची सॉफ्टवेअर कशी पारखायची ते शिकवा म्हटलं तर मात्र आमच्या टाइमटेबलात जागा नाही.

सध्या पैसे भरणं बंद केलंय, फुकटातलं चालू आहे. थिअरीला घ्या, क्लिनिक्सला नको. प्रॅक्टिकल पुढच्या महिन्यात आहे आणि मला स्प्लीन (प्लीहा, डाव्या बरगड्यांखाली असते ती) अजून हाताला लागत नाही. पद्धत त्याने झकास सांगितली: उजव्या इलियाक फोसापासून (पोटाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यापासून) सुरू करा, दर श्वासाला हात वर सरकवा. काल पहिल्यांदा टोक लागलं असं वाटलं. रेसिडेंट मॅडम म्हणाल्या, ती बरगडी आहे.