मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा फॅमिली प्लॅन: चार कॉम्प्युटरच्या घरात परवडतो का?

आमच्याकडे बाबांचा जुना डेस्कटॉप, बायकोचा लॅपटॉप (शाळेचे पेपर काढते), पोराचा कॉलेजचा आणि माझा, असा पसारा, आणि लॅपटॉपसोबत आलेलं ऑफिस त्या एकाच मशीनला बांधलेलं असतं, दुसऱ्यावर चढवता येत नाही. बाबांच्या डेस्कटॉपवर ऑफिस २०१९ होतं, त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे चालते तसं, पण सिक्युरिटी अपडेट बंद, आणि बाबा त्याच मशीनवर बँकेचंही सगळं करतात, म्हटलं आता घ्याच.

नागपूरच्या बर्डीवर विचारलं तर एक दुकानदार भाऊ ऑफिस 'प्रोफेशनल प्लस'ची की, म्हणजे ते चालू करायचा कोड, पाचशेत देऊन राहिला होता, लाइफटाइम म्हणे! बिल मागितलं तर विषयच बदलला. अशा स्वस्तातल्या बऱ्याच की या कंपन्यांना एकगठ्ठा मिळणाऱ्या व्हॉल्यूम लायसन्समधून फुटलेल्या असतात, कधी बंद पडतील नेम नाही, नको रे बाप्पा.

मग मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिली घेतलं, म्हणजे ऑफिसचा दरवर्षी पैसे भरायचा प्लॅन. यात मशीन नाही, माणसं मोजतात. घेणारा धरून सहा जण, प्रत्येकाचं आपलं अकाउंट, आपलं १ टीबी वनड्राइव्ह (फाइली ऑनलाइन ठेवायची जागा), आणि एक जण एका वेळी पाच डिव्हाइसवर साइन इन राहू शकतो. इन्स्टॉल कितीही ठिकाणी करा, सहाव्यावर बसायचं तर कुठून तरी साइन आउट करा, बस. बाबांना वाटलं होतं पोरगा त्यांच्या फाइली पाहील, नाही दिसत, तुम्ही स्वतः शेअर केल्याशिवाय कोणालाच नाही. फक्त चौघांनी एकच अकाउंट वापरू नका, सगळ्यांच्या फाइली एकाच ठिकाणी येऊन गोंधळ होतो. इन्व्हाइट पाठवा, मेलवरची लिंक उघडली की झालं. बाबांचा पासवर्ड शोधण्यात मात्र अख्खी संध्याकाळ गेली, तो कॅलेंडरच्या मागे लिहिलेला होता.

खटकलं ते हे की कोपायलट (मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस) फक्त ज्याच्या नावानं प्लॅन आहे त्यालाच, बाकीच्यांना ठेंगा. आणि पैसे भरणं थांबलं की वर्ड-एक्सेल नुसतं उघडून वाचायला, प्रिंट काढायला, एडिट बंद. शिवाय प्लॅन घरगुती वापराचा आहे, दुकानाचा हिशेब त्यात करायचा नाही.

एकाच मशीनवर काम असेल तर ऑफिस होम २०२४ बरं, एकदाच पैसे, वर्ड, एक्सेल, पॉवरपॉइंट, वननोट मिळते. पण ते एकाच पीसी किंवा मॅकसाठी, आउटलुक त्यात नाही आणि पुढचं व्हर्जन आलं तर परत विकत. आमच्यासारखे तीन-चार जण असतील तर फॅमिलीच परवडते. नुसतं पत्र टाइप करायचं असेल तर लिबरऑफिस फुकट आहे, पण बायकोचे प्रश्नपत्रिकेचे टेबल त्यात हलले, म्हणून आमच्या घरी नाही टिकलं.

घेतल्या घेतल्या अकाउंटमध्ये जाऊन ऑटो रिन्यूअल बंद केलं, पुढच्या वर्षी भाव बघूनच भरू. पाचातले चार स्टार.