बदामाची फांदी की फळांची टोपली?

बायबलमधल्या यिर्मया आणि आमोस या दोन संदेष्ट्यांच्या दृष्टांतांत हिब्रू शब्दांचा एकेक श्लेष आहे. त्यातला सरस कोणता? मराठी बायबल वाचताना हे दोन श्लेष कळतच नाहीत. यिर्मयाला बदामाची फांदी दिसते, हिब्रूत 'शाकेद'. देव म्हणतो, मी माझ्या वचनावर 'शोकेद', म्हणजे डोळ्यांत तेल घालून जागा आहे. स्वरचिन्हं काढली की दोन्ही शब्दांची अक्षरं तीच: शीन, कोफ, दालेत. शिवाय इस्राएलकडे थंडी सरायच्या आत सगळ्यांआधी फुलतो तो बदामच!

आमोसच्या टोपलीत 'कायित्स', उन्हाळी फळं. लगेच पुढे 'केत्स', इस्राएलचा शेवट. इथे धातू वेगळे, जुळतो फक्त नाद. पण हिब्रूच्या उत्तरेकडच्या बोलीत दोन्हींचा उच्चार जवळपास सारखाच असावा. गेझेर या प्राचीन शहरातल्या जुन्या कोरीव लेखात 'कायित्स' 'य'शिवायच, म्हणजे 'केत्स'सारखाच लिहिलेला आहे. कारागिरी यिर्मयाची सरस, पण धस्स होतं ते आमोस वाचताना.