एकट्याने स्विस घाट मारायचेत? माझदा एमएक्स-५ घ्या, मोठ्या गाडीच्या मागे लागू नका

आधी निकालच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. स्वित्झर्लंडच्या घाटांमध्ये एकट्याने स्पोर्ट्स कार भाड्याने घेऊन फिरायचा विचार असेल तर माझदा एमएक्स-५ घ्या, दोन लिटरचं इंजिन, मॅन्युअल गियर आणि कापडी छत. पोर्शे ९११ वगैरे गाड्या भारीच आहेत, त्याबद्दल वाद नाही, पण या रस्त्यांवर ती ताकद काढायला जागाच मिळत नाही. गावाबाहेर लिमिट ८० ची, वळणावर तुम्ही असणार तीस-चाळीसवर, आणि मधे जो सरळ तुकडा येतो तो संपायच्या आत पुढचं वळण दिसायला लागतं.

मी म्युनिकला राहतो, पण गाडी मुद्दाम झुरिकमधून घेतली. म्युनिकहून झुरिकला थेट ट्रेन आहे, साडेतीन-चार तासांत पोचता. स्विस नंबरच्या गाडीला हायवेचं विन्येट, म्हणजे टोलचं स्टिकर, आधीच लावलेलं असतं, नाहीतर ४० फ्रँक वेगळे मोजा. आणि प्लॅन पूर्ण देशाच्या आतच ठेवला, कारण भाड्याची गाडी बॉर्डरपार न्यायची म्हटलं की परवानगी, कस्टम, इन्शुरन्स अशी नवीनच कटकट सुरू होते, आणि घाटांसाठी देशाबाहेर जायची गरजही नाही, अँडरमाट नावाच्या एका गावात मुक्काम टाकला की चारी बाजूंनी घाटच आहेत.

काउंटरवर काय झालं ते सांगतो कारण तुमच्याबरोबरही होऊ शकतं. एजन्सीचं नाव घेत नाही. बुकिंग एमएक्स-५ चं, आणि तिथला माणूस म्हणाला की तुम्हाला फुकट अपग्रेड देतो, एक मोठी ऑटोमॅटिक कूपे, जवळजवळ दुप्पट हॉर्सपॉवर. मी नको म्हटलं तर त्याला खरंच कळेना. पाऊण तास थांबलो, पण एमएक्स-५ च घेतली. तुम्हीही अडून बसा. आणि गाडी ताब्यात घेताना चारही रिम्सचा जवळून व्हिडिओ काढा, कारण रिम फुटपाथला घासल्याचे पैसे मागण्यात या एजन्स्या फार तत्पर असतात. टायरची नक्षी बघा, किलोमीटरची लिमिट किती आणि त्यापुढे प्रत्येक किलोमीटरला किती लावणार ते लिहून घ्या, डिपॉझिट क्रेडिट कार्डवर ब्लॉक होतं त्यामुळे कार्डावर तेवढी जागा ठेवा. भाडं साध्या हॅचबॅकच्या दुपटीच्या पुढे जातं, हे आधीच मनात धरून चला. भारतातून येणाऱ्यांनी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढून आणा, आणि स्पोर्ट्स कारसाठी वयाची अट बऱ्याचदा वेगळी असते तीही बुकिंगच्या वेळीच विचारा.

आता गाडी. माझ्याकडे होती ती १८४ हॉर्सपॉवरवाली. आजकाल एवढी पॉवर फॅमिली सेडानमध्येही मिळते, म्हणून लोक नाक मुरडतात. पण गाडीचं वजन आहे एक टनाच्या आसपास, ९११ दीड टनाच्या पुढे. आणि रुंदी बघा, एमएक्स-५ आहे १७३५ मिलिमीटर, आताची ९११ आहे १८५२. कागदावर हा फरक बारका वाटतो, पण फुर्का घाटाच्या वरच्या अंगाला जिथे रस्ता अरुंद होतो आणि समोरून पिवळी पोस्टबस, म्हणजे तिथली सार्वजनिक बस, येते तिथे हे अकरा-बारा सेंटिमीटर काय असतात ते कळतं. मी माझ्याच लेनमध्ये होतो आणि उजवीकडे अजून जागा शिल्लक होती. मागच्या मोठ्या एसयूव्हीला मात्र थांबून रिव्हर्स घ्यावा लागला.

या गाडीची खरी मजा गियरमध्ये आहे. लिव्हर आखूड, मनगट हललं की गियर पडतो, खटका एकदम स्वच्छ. इंजिन ७५०० आरपीएमपर्यंत फिरतं आणि टर्बो नाही, त्यामुळे पाय जेवढा दाबाल तेवढंच आणि त्याच क्षणी मिळतं. दुसरा गियर ८० च्या पुढेपर्यंत खेचतो, म्हणजे अख्खा घाट दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा एवढ्यावर होतो. हेअरपिनच्या, म्हणजे गाडी उलटी फिरवणाऱ्या वळणाच्या, आधी ब्रेक, दुसरा टाकला, गाडी थोडी बाहेरच्या चाकांवर झुकते, हो झुकते, सस्पेन्शन मऊ आहे आणि काही जणांना ते आवडत नाही, पण मला त्या झुकण्यातूनच कळत होतं की टायरवर किती भार आलाय. मग वळणाच्या मध्यावर हलकासा अॅक्सिलरेटर आणि मागची चाकं तुम्हाला बाहेर ढकलतात. हे सगळं पन्नासच्या आत. लायसन्स धोक्यात न घालता एवढा आनंद देणारी दुसरी गाडी मला माहीत नाही, आणि लायसन्सचं मी उगाच म्हणत नाही, स्वित्झर्लंडमध्ये ८० च्या रस्त्यावर ६० ने जास्त म्हणजे १४० ला सापडलात तर तो थेट फौजदारी गुन्हा आहे, जेलपर्यंत जाऊ शकतं प्रकरण.

उतारावर मात्र शहाणपणा आपल्याकडचाच वापरायचा, ज्या गियरमध्ये घाट चढलो त्याच गियरमध्ये उतरायचा. खंबाटकी असो की ग्रिम्झेल, नियम तोच. गाडी हलकी असल्यामुळे ब्रेक लवकर तापत नाहीत, पूर्ण उतार उतरूनही पेडल पहिल्यासारखंच कडक होतं. पुढे एक भाड्याची जड व्हॅन ब्रेक दाबतच उतरत होती, तिचा जळका वास उघड्या छतातून सरळ नाकात येत होता. मी एका वळणाच्या कडेला थांबलो आणि तिला पुढे जाऊ दिलं. एकट्याने असलात की हे करायला कोणाला विचारावं लागत नाही, आणि मोकळ्या रस्त्याची पाच मिनिटं वाट बघणं नेहमीच परवडतं.

रूट. लोक सगळ्यात जास्त इथेच घोळ घालतात, एका दिवसात सहा घाट आणि चारशे किलोमीटर असले प्लॅन बघितलेत मी. घाटात किलोमीटर मोजू नका. तीन घाटांचा गोल आहे, सुस्टन, ग्रिम्झेल, फुर्का, साधारण १२० किलोमीटर, आणि एका माणसाला पूर्ण दिवसासाठी तेवढा भरपूर आहे. एकटं असताना नकाशा बघणारं, फोटो काढणारं, "अरे थांब जरा" म्हणणारं कोणी नसतं, सगळं लक्ष तुमचंच लागतं, दोन तास सलग वळणं मारली की डोकं जड होतं आणि ते आपलं आपल्याला लवकर कळत नाही. मी प्रत्येक माथ्यावर गाडी बंद करून खाली उतरत होतो, चालत होतो, डब्यातले मेथीचे ठेपले खात होतो. माथ्यावरच्या हॉटेलांतल्या किमती बघितल्या की डब्याची किंमत कळते.

दिशाही महत्त्वाची. सकाळी अँडरमाटहून शोलेनेनच्या घळीतून खाली वासनला या आणि सुस्टन पश्चिमेकडे चढा, म्हणजे ऊन पाठीमागून पडतं. दुपारी ग्रिम्झेल, मग ग्लेचवरून फुर्का पूर्वेकडे, तेव्हाही ऊन पाठीलाच. सकाळी पूर्वेकडे आणि संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून चालवलंत तर दोन्ही वेळा सूर्य डोळ्यांत. आणि या गाडीत बसायची जागा खाली, काच छोटी, त्यामुळे समोरचं ऊन जास्तच त्रास देतं.

सुस्टन १९४६ ला खुला झाला, तो बांधलाच मोटारगाड्यांसाठी, आणि ते चालवताना जाणवतं. वळणं एका लयीत येतात, चढ अंगावर येत नाही, पुढचं दिसत राहतं. माथा २२०० मीटरच्या वर, तिथून थोडं खाली उतरलं की स्टाइन ग्लेशियर समोर येतो. तिघांमध्ये मला हाच सगळ्यात आवडला आणि गाडीलाही हाच सगळ्यात शोभतो. ग्रिम्झेल म्हणजे ग्रॅनाइट आणि धरणं, रस्ता रुंद, बाइकवाले तुफान. फुर्का २४२९ मीटर, जुना, वरच्या अंगाला काही ठिकाणी कडेला नुसते दगड, रेलिंग नाही, तिथे हळूच.

एक गोष्ट मला तिथे फार भारी वाटली. फुर्काच्या ग्लेशियरमधून ऱ्होन नदी निघते आणि भूमध्य समुद्राला जाते, आणि तिथून जवळच ओबरआल्प घाटापाशी ऱ्हाइनचा उगम, ती जाते नॉर्थ सीला. महाबळेश्वरला कशी कृष्णा पूर्वेला जाते आणि सावित्री पश्चिमेला, तसंच. ओबरआल्पच्या माथ्यावर ऱ्हाइनच्या उगमाची खूण म्हणून एक लाल दीपगृह उभं केलंय, दोन हजार मीटरवर दीपगृह! दुसऱ्या दिवशी तिकडे नक्की जा, रस्ता सोपा आहे आणि बाजूने लाल ट्रेन धावते.

वेळ राहिला तर जुना गोटहार्ड घाटही करा, एरोलो गावाच्या बाजूचा ट्रेमोला रस्ता, २४ हेअरपिन आणि बराचसा रस्ता दगडी फरसबंदीचा. तिथे वेग विसरा. मऊ सस्पेन्शनचा फायदा तिथे कळला, दगडांवरून गाडी खडखडली पण कंबर शाबूत राहिली. पावसात मात्र जाऊ नका, ओले दगड आणि मागच्या चाकांना पॉवर हे गणित बरं नाही.

हे घाट साधारण जून ते ऑक्टोबरच उघडे असतात, त्यातही बर्फ पडला की मधेच बंद होतात, त्यामुळे निघायच्या सकाळी घाट उघडा आहे का ते बघूनच निघा, खालच्या गावातही बोर्ड लावलेले असतात. जुलै-ऑगस्टचे शनिवार-रविवार टाळा. मंगळवार-बुधवारी सकाळी सातला निघालात तर सुस्टन जवळजवळ तुमचाच असतो. पेट्रोल खालीच भरून घ्या. टाकी ४५ लिटरची आहे आणि मला घाटात शंभर किलोमीटरला साडेसात लिटरच्या आसपास लागलं, त्यामुळे त्या बाबतीत काळजी नाही.

पोस्टबसचं परत एकदा सांगतो. निळ्या बोर्डवर पिवळं शिंग दिसलं की तो पोस्टबसचा डोंगरी रस्ता, तिथे अडचणीच्या जागी बसचा ड्रायव्हर जे सांगेल ते ऐकायचं. वळणाआड तीन सुरांचा हॉर्न ऐकू आला की आधीच वेग कमी करून कडेला घ्या. इथे उघड्या छताचा असा फायदा की तो हॉर्न बंद गाडीपेक्षा कितीतरी आधी ऐकू येतो. समोरासमोर आलात आणि जागा नसेल तर उतरणाऱ्याने चढणाऱ्याला वाट द्यायची.

आता खटकलेल्या गोष्टी, आणि त्या आहेत. डिकी १३० लिटर, म्हणजे एक केबिन बॅग आणि एक मऊ सॅक, संपलं. कडक ट्रॉली आणूच नका. डॅशबोर्डला नेहमीसारखा ग्लोव्ह बॉक्स नाही, दोन सीटच्या मधे मागे एक कप्पा आहे, आणि कप होल्डर पण मागेच, चालवताना पाण्याची बाटली घ्यायला हात पाठीमागे पिळावा लागतो. एकटं असलात तर सरळ शेजारच्या सीटवर बॅग बेल्टने बांधा आणि पाणी, जॅकेट, गॉगल सगळं त्यात ठेवा. दोघांनी ही ट्रिप या गाडीतून करायची म्हटली तर सामानावरूनच भांडणं होतील, एकट्याला मात्र गाडी पुरते. स्टेपनी नाही, नुसतं पंक्चर किट, टायर फाटला तर त्याचा उपयोग शून्य, म्हणून रोडसाइड असिस्टन्सचा नंबर फोनमध्ये आणि कागदावर दोन्हीकडे ठेवा, वर सगळीकडे रेंज मिळेलच असं धरून चालू नका. डाव्या हेअरपिनला खिडकीच्या पुढचा खांब डोळ्यांसमोर येतो, मान पुढे काढून बघावं लागतं. हायवेवर आवाज खूप, १२० ला कापडी छत लावलं तरी फोनवर बोलता येत नाही, झुरिक ते अँडरमाट तेवढंच सहन केलं. उंची सहा फुटांच्या बरीच वर असेल तर बुकिंगच्या आधी कुठेतरी बसून बघा, डोकं छताला लागतं.

छताला मोटर नाही, आणि नसलेलीच बरी. मधला एक खटका सोडायचा, एका हाताने मागे ढकलायचं, बसल्या बसल्या काही सेकंदांत काम झालं. फुर्काच्या माथ्यावर ऑगस्टमध्येही थंडी चांगलीच होती, काचा वर, हीटर पायांवर आणि कानटोपी, तेवढ्यावर छत उघडं ठेवून आरामात चालवली. घडीच्या कडक छताचं आरएफ मॉडेलही मिळतं, हायवेला ते जरा शांत आहे म्हणतात, पण त्यात छत उघडलं तरी डोक्यामागची कमान तशीच राहते आणि वर बघितलं की आकाश अर्धंच दिसतं. या घाटांसाठी कापडीच मागा, नसेल तर तारीख बदला.