70 रुपयांचं बुश की 4,180 ची असेंब्ली? सेकंडहँड गाडीचे 8 महिने

गाडी 2012 ची पेट्रोल हॅचबॅक. मायलेज, एसी, पिकप सगळं ठीकठाक, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. लिहितोय ते गिअरच्या बुशबद्दल.

सिंहगड रोडला सिग्नलवर गिअरचा दांडा अचानक लुळा पडला, गाडी दुसऱ्यातच अडकली आणि तशीच धायरीपर्यंत घरी आणली, मागचे हॉर्न मारून मारून थकले. सर्व्हिस सेंटरला कळलं की दांड्याखालचं नखाएवढं प्लॅस्टिकचं बुश झिजून निसटलंय. म्हटलं बदला, तर म्हणे बुश सुटं येत नाही, अख्खी लिव्हर असेंब्ली घ्या, 4,180, लेबर वेगळं. आणि गाडी घेतल्या घेतल्या मी क्लच बदलला होता, प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळा सेट 3,650 ला! म्हणजे इंजिनची ताकद पुढे नेणारं लोखंड स्वस्त आणि हातात धरायचा दांडा महाग? दोन रात्री हाच हिशोब चालू होता, शेवटी बायकोने लाइट बंद केला.

नाना पेठेत बुश 70 रुपयांना मिळालं. दुकानातले काका म्हणाले, क्लच चार-पाच जण बनवतात, टॅक्सीवालेही नेतात, फिरता माल. लिव्हर फक्त गाडीच्या कंपनीकडून येतो, मॉडेल बंद झालेलं, वर्षाला दोन विकले तर नशीब. हे पटलं. मग बुश सुटं का देत नाहीत? काका नुसते हसले.

2014 मध्ये स्पर्धा आयोगाने सुट्या पार्टच्या अडवणुकीवरूनच 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटींचा दंड लावला होता. त्याने माझं बुश काही सुटं झालं नाही. सप्टेंबर 2025 मध्ये पार्टवरचा जीएसटी 28 चा 18 टक्के झाला म्हणून परत विचारलं, तर 3,853. सव्वातीनशे वाचले म्हणे, न घेतलेल्या वस्तूवर.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि 70 वालं पाच आठवड्यांत फुटलं. परत नाना पेठ. काकांनी आता 180 चं काढलं, आधी का नाही दिलं विचारलं तर म्हणे तुम्हीच स्वस्तातलं मागितलंत. मागितलं होतं खरं. हे चार महिने टिकलंय, गिअर आधीपेक्षा मऊ पडतात. मेकॅनिकचे दोनदा 300 धरून 850 गेले, तरी असेंब्लीवाल्यांना मी माफ केलेलं नाही.

परवा पार्किंगमध्ये कोणीतरी डावा आरसा फोडून गेलंय. काच सुटी येते का, हे विचारायला अजून धीर होत नाहीये.